नऊने भाग जातो का?

काही महिन्यांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी आमच्या घरातला टीव्ही एकाएकी बंद झाला. वीज गेली नव्हती. मंगळवारी नातीची गणिताची घटक चाचणी आहे, ही बातमी सूनबाईंना नुकतीच कळली होती. नात तेव्हा सातवीत होती. चाचणी वीस गुणांची. पण घराला जी कळा आली ती पाहून एखाद्या पाहुण्याला वाटावं, की दहावीचा पेपर उद्यावर आला आहे. रविवारचा नाटकाचा बेत रद्द झाला. शेजारच्या मुलीला 'आज खेळायला येणार नाही' असा निरोप गेला. आणि नात जेवणाच्या टेबलावर पाठ्यपुस्तक, गाइड, क्लासच्या झेरॉक्स आणि एक कोरी वही असा सगळा पसारा मांडून बसली.

"आजोबांना विचार. ते बँकेत होते," सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून सल्ला दिला. बँकेत असलेल्या माणसाला गणित येतं, हा आपल्याकडचा एक जुना आणि गोड गैरसमज आहे. बँकेत गणित फारसं लागत नाही. बेरीज लागते, टक्केवारी लागते, आणि मुख्य म्हणजे चिकाटी लागते. पण नातीच्या त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट उमगली. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी जे एक काम मनापासून शिकलो, नेमकं तेच काम चाचणीच्या आधी मुलांकडून कुणी करून घेत नाही. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

नातीने उजळणीला सुरुवात केली होती ती सरावसंच एकपासून. पहिलं उदाहरण, दुसरं, तिसरं. तिला विचारलं, "ही उदाहरणं तुला येत होती ना?" म्हणाली, "हो, ही येतात." "मग पुन्हा का करतेस?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की या प्रश्नाचा अर्थच तिला लागला नसावा. उजळणी म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं, असं तिला शिकवलं गेलं होतं. जे येतं ते आधी करायचं, त्यात दोन तास जातात, वही भरते आणि आईलाही बरं वाटतं. जे येत नाही तिथे पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात. मग तिथे गाइड उघडायचं, उत्तर पाहायचं, 'हां, समजलं' म्हणायचं आणि झोपायचं.

मी म्हटलं, "तुझे जुने पेपर आण. पहिल्या घटक चाचणीचा, सहामाहीचा, आणि क्लासमध्ये झाल्या असतील त्या चाचण्यांचे." ती थोडी कावरीबावरी झाली. दप्तराच्या तळाशी चुरगळलेले ते कागद बाहेर आले. त्यावर बाईंची लाल फुली होती, गुण होते, पालकांची सही होती. पण एकाही फुलीजवळ नातीचा पुन्हा हात लागल्याची खूण नव्हती. चूक झाली, तिची शिक्षा गुणांतून मिळाली, प्रकरण मिटलं.

इथे मला आमची शाखा आठवली.

१९८४ साली मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी कारकून होतो. संगणक यायला अवकाश होता. प्रत्येक खात्याचं एक पान, अशी पानांची जाडजूड लेजर्स असत. ठरलेल्या मुदतीने त्या सगळ्या खात्यांच्या बाकीची यादी काढायची, बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी ताडून पाहायची. याला आम्ही बॅलन्सिंग म्हणत असू. आकडा जुळला तर चहा. जुळला नाही तर रात्र. एका रात्री सत्तावीस रुपयांचा फरक आला. शेकडो खाती होती. मी तेव्हा नवखा आणि उत्साही. बाह्या सरसावून म्हणालो, "पहिल्यापासून पुन्हा बेरीज करतो."

आमचे अकाउंटंट वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "नऊने भाग जातो का?" मला काही कळेना. ते म्हणाले, "सत्तावीसला नऊने भाग जातो. म्हणजे बहुधा कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. भागाकार तीन आला. म्हणजे शेजारशेजारचे ज्या दोन अंकांत तीनाचा फरक आहे, तेवढेच बघ. एक्केचाळीस-चौदा, बावन्न-पंचवीस, त्रेसष्ट-छत्तीस. बाकीचं सोडून दे." विसाव्या मिनिटाला ते सापडलं. कुणाच्या तरी त्रेसष्ट रुपयांचे छत्तीस झाले होते.

त्यांची आणखीही सूत्रं होती. फरक एक, दहा, शंभर असा नेटका असेल तर बेरजेत हातचा राहिला असं समजायचं. फरक सम असेल तर त्याचा निम्मा करायचा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायची. कारण जमेची रक्कम नावे पडली, की फरक दुप्पट दिसतो. पाचशेचे पन्नास झाले, तर फरक साडेचारशेचा, त्यालाही नऊने भाग जातो. या सूत्रांमागे काही जादू नाही, दशमान पद्धतीचं साधं अंकगणित आहे. त्रेसष्टचे छत्तीस करताना साठाचे सहा झाले, म्हणजे चोपन्न गेले. तीनाचे तीस झाले, म्हणजे सत्तावीस आले. हिशेब सत्तावीसवर मिटला. पण त्या रात्री मला कळलं ते सूत्रापेक्षा मोठं होतं. चुकीला स्वतःची एक ठेवण असते. ती ठेवण ओळखली, तर सगळं लेजर उपसावं लागत नाही.

जाता जाता हेही सांगतो, की ही त्रेसष्ट-छत्तिसाची चूक आपल्या भाषेत जरा जास्तच होते. लिहिताना आपण आधी सहा लिहितो, बोलताना आधी तीन बोलतो. काउंटरवर कुणी 'त्रेसष्ट' म्हणालं, की कानावर पहिला पडतो तो तीन. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबरच 'वीस एक' असं वाचण्याची सोय दिली, तेव्हा केवढा गदारोळ उठला ते वाचकांना आठवत असेल. गणिताच्या अभ्यासक डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू शांतपणे मांडली होती. मला स्वतःला 'त्रेसष्ट' सोडवत नाही. जुनं माणूस आहे. पण बदल सुचवणाऱ्यांनी मुलांच्या एका खऱ्या चुकीच्या मुळाशी हात घातला होता, एवढं आमच्या लेजरच्या साक्षीने मी सांगू शकतो. माझी नात सेमी-इंग्रजीत शिकते. तिला 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' यांतला फरक अजून विचार करून सांगावा लागतो. मी 'छेद' म्हटलं की ती 'डिनॉमिनेटर' म्हणते, आणि मगच आमची गाडी पुढे सरकते.

तर त्या रविवारी सकाळी आम्ही पुस्तक मिटून ठेवलं आणि तिच्या जुन्या पेपरांचं बॅलन्सिंग करायला बसलो. प्रत्येक फुलीजवळ थांबायचं, नेमकं कुठे घसरलो ते पाहायचं आणि एका कागदावर त्याची नोंद करायची, एवढंच. तेवीस चुका निघाल्या. तेवीस हा आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. पण त्यांची प्रतवारी केली, तेव्हा चुकांच्या जाती निघाल्या फक्त तीन.

पहिली जात अपूर्णांकांची. समीकरण होतं: क्ष चा निम्मा अधिक क्ष चा तिसरा हिस्सा बरोबर दहा. हिने अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला आणि दोन क्ष छेद पाच असं करून क्ष बरोबर पंचवीस काढलं. पुढची सगळी रीत बिनचूक होती. मी म्हटलं, "पंचवीसचा निम्मा किती?" "साडेबारा." "मग तो एकटाच दहापेक्षा जास्त झाला की. अजून तिसरा हिस्सा मिळवायचाय." ती हसली. मग भाकरीवर आलो. अर्धी भाकरी आणि वर तिसरा हिस्सा. तुझ्या रितीने २/५ झाली. म्हणजे अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि ती अर्ध्याहून कमी झाली. हे आजीला सांग, ती काय म्हणेल बघ! सारखे तुकडे केल्याशिवाय तुकडे मोजता येत नाहीत, म्हणून भाकरीचे सहा तुकडे करायचे, तीन आणि दोन मिळून पाच. लसावि कशासाठी काढायचा ते तिला दोन वर्षं पाठ होतं. कळलं बहुधा त्या दिवशी. आणि क्ष बारा आला. सहा आणि चार, दहा.

दुसरी जात चिन्हांची. सात क्ष मधून कंसातले 'तीन क्ष उणे पाच' वजा करायचे, तर ही सात क्ष उणे तीन क्ष उणे पाच लिहून मोकळी. कंसातल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं राहून जातं. नियम तिला तोंडपाठ होता, 'उणे उणे अधिक'. पण घोकलेला नियम घाईच्या वेळी हाताशी येत नाही. मी तिला खात्याचा दाखला दिला. समज, तुझ्या खात्यात उणे सात हजार बाकी आहे, म्हणजे तू बँकेला सात हजार देणं लागतेस. त्यातलं तीन हजारांचं देणं बँकेने माफ केलं. देणं काढून घेतलं, म्हणजे तुझं वाढलं की कमी झालं? उणे चार हजार. उणे काढून घेणं म्हणजे देणंच काढून घेणं. हे तिला पटलं. तिच्या वडिलांनाही पटलं असावं, कारण ते दारात उभं राहून ऐकत होते. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरी जात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिला नाव नाही. आलेल्या उत्तराकडे पाहायचंच नाही, ही ती चूक. सातवीच्या पुस्तकात 'बँक व सरळव्याज' असं एक प्रकरण आहे, ते पाहून मला भरून आलं होतं. त्याच प्रकरणात बारा हजार रुपयांवर नऊ टक्के दराने आठ महिन्यांचं सरळव्याज हिने काढलं होतं ८,६४० रुपये. आठ महिन्यांचे आठ बटा बारा वर्ष करायचे राहिले होते. खरं उत्तर ७२०. मी म्हटलं, "वर्षाला शंभरावर नऊ रुपये देणारी बँक आठ महिन्यांत बारा हजारांवर साडेआठ हजार देईल? असली बँक सापडली तर मला सांग, पेन्शनचे पैसे तिथे ठेवतो." तसंच दुसरं उदाहरण. बारा मजूर आठ दिवसांत काम पुरं करतात, तर सहा मजूर किती दिवसांत? उत्तर लिहिलं होतं चार. माणसं निम्मी केली आणि काम लवकर उरकलं! आपल्या घराचं रंगकाम आठवून पाहा म्हटल्यावर तिने स्वतःच सोळा केलं.

तीन जाती. त्यातल्या पहिल्या दोन, खरं सांगायचं तर, सातवीच्या दुसऱ्या सत्राच्या नव्हेतच. अपूर्णांकांची चूक पाचवीपासून चालत आलेली, चिन्हांची सहावीपासून. याला आमच्याकडे नेमका शब्द होता: पुढे ओढलेली बाकी. लेजरचं एक पान भरलं, की शेवटची बाकी नव्या पानाच्या डोक्यावर लिहायची. ती ओढताना चूक झाली, तर नव्या पानावरची एकूण एक नोंद बरोबर असूनही ते पान चुकीचंच राहतं. कितीही तपासा, त्या पानावर चूक सापडत नाही, कारण ती त्या पानावर नसतेच. गणितासारखा दुसरा विषय नाही, ज्यात मागची बाकी इतकी पुढे ओढली जाते. इतिहासात शिवकाल कच्चा राहिला तरी पेशवाई वाचता येते. गणितात भागाकार कच्चा राहिला, की अपूर्णांक अडतो, अपूर्णांक अडला, की समीकरण अडतं. मग मूल म्हणतं, मला बीजगणित येत नाही. आणि आपण त्याला बीजगणिताचा क्लास लावतो.

हे एका घरापुरतं नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. देशाच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांना साधं वाचन आणि साधं गणित विचारतात. २०२४ च्या पाहणीतही आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं. शाळेत आठव्या वर्षी समीकरणं, क्षेत्रफळं, घातांक सगळं चालू असणार. पण निम्म्याहून अधिक पानांवर वरची बाकीच चुकीची असेल, तर खालच्या नोंदी किती सुबक आहेत याला काय अर्थ?

आता दारात उभ्या राहिलेल्या माझ्या मुलाबद्दल.

१९९७ साली तो सातवीत होता. मी तेव्हा अधिकारी झालो होतो, बदलीच्या गावी एकटा राहत होतो. शनिवारी रात्री घरी यायचं, सोमवारी पहाटे परतायचं. अशाच एका रविवारी त्याच्या घटक चाचणीची उजळणी घ्यायला बसलो. त्यानेही छेदात छेद मिळवला होता. तीच चूक, अगदी तीच. मी काय केलं? भाकरी आठवली नाही. "एवढं साधं येत नाही? बँकेतल्या माणसाचा मुलगा आहेस!" असं म्हणून वही टेबलावरून भिरकावली. एका अनोळखी खातेदाराच्या सत्तावीस रुपयांसाठी रात्री अकरापर्यंत शांतपणे बसणारा मी, पोटच्या पोराच्या १/२ आणि १/३ साठी अर्धा तास बसू शकलो नाही.

त्याने वही उचलली आणि पुन्हा माझ्यासमोर कधी उघडली नाही. दहावी झाली, त्याने कला शाखा घेतली, गणित सुटलं. आज चांगलं कमावतो, सुखात आहे. काही बिघडलं नाही, असं म्हणता येईल, आणि मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आलो. पण हॉटेलचं बिल आलं, की तो ते न पाहता बायकोपुढे सरकवतो. घरासाठी कर्ज घेतलं तेव्हा सगळे कागद माझ्याकडे दिले आणि म्हणाला, "बाबा, कुठे सही करायची तेवढं सांगा." चाळिशीतला कर्ता माणूस आकडे दिसले की नजर वळवतो. त्याला हिशेब येत नाही असं नाही. आपल्याला येणारच नाही, हे त्याने बाराव्या वर्षी धरून ठेवलं आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणित-शिक्षणावर जो अभ्यासगट बसला होता, त्यानेही मुलांच्या मनातली भीती आणि अपयशाची भावना हीच पहिली अडचण म्हणून नोंदवली आहे. ते वाचलं तेव्हा मला त्यात आमच्या घरचं टेबल दिसलं.

आणि ही भीती महागात पडते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं आहे. बाहेरच्या एखाद्या सावकारी योजनेत लाख रुपये 'फक्त दहा टक्के फ्लॅट' म्हणून तीन वर्षांसाठी घेतलेले लोक आमच्याकडे सल्ल्याला येत. व्याज तीस हजार, एकूण एक लाख तीस हजार, छत्तीस हप्ते, महिना सुमारे ३,६११. हप्त्याहप्त्याने मुद्दल फिटत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. फिटत जाणाऱ्या मुद्दलावर हिशेब केला, तर खरा दर जवळपास अठरा टक्के पडतो. अचूक दर काढायला सातवीचं गणित पुरणार नाही, हे खरं. पण 'मुद्दल कमी होतेय तर व्याज का कमी होत नाही?' एवढा प्रश्न विचारायला ते पुरेसं आहे. तो प्रश्न विचारण्याआधीच माणसं नजर वळवत.

मग घटक चाचणीचं काय करायचं? मला वाटतं, आपण तिचं नाव नीट वाचलेलं नाही. ती परीक्षा नव्हे, चाचणी आहे. विहिरीच्या पाण्याची चाचणी करतात, रक्ताची करतात. काय कमी आहे ते कळावं आणि इलाज करता यावा, म्हणून. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या 'आकारिक' या शब्दात हेच अभिप्रेत होतं: मूल घडत असताना केलेली पाहणी. पण आपण तिथेही गुण मोजायला बसलो. रक्ताचा अहवाल आल्यावर औषध न घेता त्याला कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही. मुलांचे पेपर मात्र आपण एक तर फ्रिजवर लावतो, नाही तर दप्तराच्या तळाशी दडपतो.

यात शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. साठ मुलांचा वर्ग, पेपर तपासणं, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आणि वर शाळाबाह्य कामांचा रेटा. एका बाईंनी साठ मुलांचं बॅलन्सिंग करावं, ही अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू? पण एक मागणी करावीशी वाटते. चाचणीच्या आधी उजळणीसाठी दोन तास देता, त्यातला एक चाचणीच्या नंतर द्या. पेपर हातात आल्यावर मुलांनी स्वतःच्या चुकांपुढे बसायचं, चूक कुठे झाली ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि बरोबर उदाहरण करून दाखवायचं. जमल्यास त्या दुरुस्तीला दोन गुण ठेवा. आमच्याकडे चूक करणाऱ्याला फारसं कुणी बोलत नसे. चूक सापडूनही दडपणाऱ्याला मात्र माफी नव्हती.

आणि घरी? चाचणी तीन दिवसांवर आली असेल तर सगळं पुस्तक उपसू नका. आधी जुने पेपर काढा आणि चुकांच्या जाती शोधा. त्या तीन-चारच निघतात. प्रत्येक जातीची चार-पाच उदाहरणं करा, पण एकाच प्रकारची ओळीने नको. सरळव्याज, मग प्रमाण, मग कंस, अशी मिसळून. एकाच जातीची वीस उदाहरणं ओळीने केली, की मूल विचार न करता हात चालवतं आणि पेपरात मात्र कुठली रीत लावायची तिथेच अडतं. पुस्तक मिटून करायला लावा. उघड्या गाइडपुढे सगळ्यांनाच सगळं येतं. आणि एका बैठकीत तीन तास नको, तीन दिवस एकेक तास. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर गळतं आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. आपल्या आज्यांनी रोज संध्याकाळी दिवेलागणीला पाढे म्हणून घेतले, ते काही वेगळं नव्हतं.

पाढ्यांवरून आठवलं. घोकंपट्टीला नावं ठेवण्याची आता पद्धत आहे. मी त्यात नाही. माझे वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणत मोठे झाले. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला. त्यानंतर माझा जन्म. त्यामुळे माझ्या शाळेत पावक्या नव्हत्या. वडिलांनी हौसेने शिकवल्या तेवढ्याच. पण पाऊणपट म्हणजे किती, हे मला अजून कागदाशिवाय दिसतं, ते त्यामुळेच. पाढे पाठ असावेत. फक्त पाठ असणं आणि कळणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, दोन्ही वहीत हव्यात.

वजाबाकीची उजळणी कंटाळवाणी होते, त्यासाठी आमच्या नाशिकजवळचाच एक खेळ सांगतो. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे शिक्षक होते. त्यांचं नाव आज जगभरचे गणिती घेतात. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५, आले ३०८७. मग ८७३० उणे ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत कुठलीही संख्या तिथे येऊन थांबते. न थांबली, तर हातचा चुकला असं समजायचं. उत्तर स्वतःच आपली चूक सांगतं. आणि प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला नऊने भाग जातो. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. म्हणजे आमच्या अकाउंटंटसाहेबांचा त्रेसष्ट-छत्तिसाचाच नियम. त्या रविवारी नातीने कुणी न सांगता अकरा संख्या करून पाहिल्या. चाळीस वजाबाक्या सहज झाल्या असतील.

मंगळवारी चाचणी झाली. शुक्रवारी पेपर मिळाला, वीसपैकी पंधरा. सूनबाईंचा चेहरा थोडा पडला. नातीने मात्र दप्तर ठेवायच्या आधी पेपर माझ्यापुढे पसरला. परतीच्या रिक्षातच तिने पेन्सिलीने स्वतःच्या चुकांना गोल केले होते. "आजोबा, फरक पाचाचा आहे. नऊने भाग जात नाही," ती म्हणाली. "एक चूक जुनीच, कंसाची. दोन नव्या आहेत." तिच्या आवाजात रडवेपणा नव्हता. मला पंधरापेक्षा ते मोलाचं वाटलं.

रात्री जेवणं झाल्यावर मुलगा टेबलाशी आला. तो पेपर अजून तिथेच होता. त्याने तो उचलला, बराच वेळ पाहिला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाबा, ते भाकरीचे सहा तुकडे का करायचे, ते मला पुन्हा एकदा सांगता?"

मी कागद पुढे ओढला. घाई कसलीच नव्हती.